इंजिन आयते घ्यावे की जुळवावे?

रेल्वे इंजिनांच्या छोट्या मॉडेलचा विषय व्यापाराच्या पानावर कशाला, असे काही वाचक बांधवांना वाटेल. परंतु गेल्या दोन वर्षांत तीन तरुणांनी माझ्या कापडाच्या दुकानात बसून मला हाच प्रश्न विचारला आहे. तिघांच्याही हातात आखातात किंवा जहाजावर राबून जमवलेली बचत आहे. मालवण, तारकर्लीला आता पर्यटक येतात. पुण्या-मुंबईच्या मुलांच्या आईबापांकडे पैसा असतो, रेल्वेचा शौकही असतो. तेव्हा रेल्वेच्या मॉडेलचे दुकान काढावे काय, आणि काढले तर तयार इंजिने ठेवावीत की सुट्या भागांची किटे ठेवावीत, असा त्यांचा सवाल. मी इंजिने विकत नाही. मी तीस-पस्तीस वर्षे कापड विकतो. पण कट पीस आणि रेडिमेड यांचा झगडा मी गल्ल्यावर बसून पाहिला आहे आणि मला हे प्रकरण त्याहून फार वेगळे दिसत नाही.

आधी माल कसा असतो ते पाहू. तयार इंजिन म्हणजे पेटी उघडली, रुळावर ठेवले, बटण फिरवले की चालू. किटाचे अनेक प्रकार आहेत. सगळ्यात सोपे प्लॅस्टिकचे, चिकटवायचे आणि रंगवायचे. त्याहून अवघड व्हाइट मेटलच्या ओतीव भागांचे. आणि सगळ्यात अवघड म्हणजे पितळी पत्र्याचे. हा पत्रा अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असतो. त्याच्यावर इंजिनाचे सगळे भाग आम्लाने कोरून काढलेले असतात. ते कापायचे, वाकवायचे आणि एकमेकांना झाळायचे. पितळाची झाळ आणि व्हाइट मेटलची झाळ एक नव्हे. व्हाइट मेटलला सत्तर अंशांच्या आसपास वितळणारी खास झाळ लागते, नाहीतर जोडायला घेतलेला भागच वितळून टेबलावर सांडतो. वाफेच्या इंजिनात दोन्ही बाजूंच्या चाकांचे दांडे एकमेकांशी काटकोनात बसवावे लागतात. एखादे चाक केसभर फिरले तर इंजिन लंगडत चालते. मोटर आणि दातेरी चाक यांच्यात फार जागा राहिली तर खडखड, कमी राहिली तर अडकते. हे काम महिनाभर रोज रात्री दोन तास बसून करण्याचे आहे.

आता किंमत. येथेच नवा माणूस फसतो. पितळी किटाच्या पेटीवर जी किंमत असते तिच्यात बहुतेक वेळा मोटर नसते, गिअर नसतो, चाकेही नसतात. रंग, झाळ, कानस, चिमटे हे सगळे वेगळे. आमच्या धंद्यात सूटपीसच्या चिठ्ठीवरची किंमत ही सूटाची किंमत नव्हे हे गिऱ्हाइकाला लग्नाच्या आठ दिवस आधी कळते, तेव्हा अस्तर, बकरम, बटणे आणि शिवणावळ मिळून कापडाच्या वर जाते. किटाचेही तसेच. म्हणून किट स्वस्त पडते असे जो सांगतो त्याने एकही किट पुरे केलेले नसते असे खुशाल समजावे.

विलायतेत एके काळी ते खरेच स्वस्त पडत असे, किंवा निदान दुसरा इलाज नसे. तयार माल ओबडधोबड होता आणि प्रकार मोजके होते. ज्याला आपल्या गावच्या मार्गावरचे इंजिन हवे त्याने ते जुळवावे, हाच रिवाज. एक गंमत सांगतो. हॉर्नबी हे नाव आज तयार गाड्यांसाठी जगभर माहीत आहे. पण फ्रँक हॉर्नबी हा मूळचा किटवाला. नट-बोल्टने जोडायच्या मेकॅनोच्या पट्ट्यांचे पेटंट त्याने १९०१ साली घेतले. पुढे आपल्याकडे झेफिर कंपनीचा मेकॅनिक्स आला तो त्याच जातीचा, आणि आमच्या पिढीतल्या पुष्कळांच्या बोटांना पहिला स्क्रू ड्रायव्हर त्याच पेटीने धरवला. हॉर्नबीने १९२० साली चावीची आगगाडी काढली ती देखील नट-बोल्टने सुटी करून परत जोडता येईल अशी होती. थोड्याच वर्षांत ते जोडणे मागे पडले आणि तयार गाडी पुढे आली. म्हणजे हा झगडा शंभर वर्षांचा आहे आणि पहिली बाजी आयत्याने मारलेली आहे.

दुसरी बाजी चीनने मारली. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात हॉर्नबीने मार्गेटचा आपला कारखाना थांबवून उत्पादन चीनकडे नेले. तिथे मजुरी स्वस्त, हात कुशल. बघता बघता तयार इंजिनांवर इतके बारीक काम येऊ लागले की हौशी माणसाने महिनाभर बसून केलेले किट त्याच्यापुढे फिके पडावे. किंमतही किट, मोटर आणि चाके मिळून जेवढी होते तिच्यापेक्षा कमी. त्या दिवसापासून किटाचा सर्वसाधारण गिऱ्हाईक संपला. आमच्याकडेही त्याच सुमारास रेडिमेड शर्टाने हेच केले. शर्टपीस आणि शिवणावळ मिळून जो आकडा होतो त्याच्या खाली तयार शर्ट आला आणि दुकानाबाहेरच्या मशिनी एकेक करून उचलल्या गेल्या. यात रागावण्यासारखे काही नाही. गिऱ्हाईक मूर्ख नसतो.

म्हणून माझे पहिले मत स्पष्ट सांगतो. ज्याला फक्त गाडी फिरताना पाहायची आहे, मुलाच्या वाढदिवसाला द्यायची आहे, त्याने तयारच घ्यावी. त्याच्या गळ्यात किट मारणारा दुकानदार आपला गिऱ्हाईक कायमचा घालवतो. अर्धवट जुळवलेले किट घरोघरी माळ्यावर पडलेले असते आणि ज्याने ते विकले त्याच्या दुकानात ते कुटुंब परत पाऊल टाकत नाही.

मग किटाला जागा उरली कुठे? कापडाचा हिशेब लावला की जागा दिसते. रेडिमेडने शर्ट खाल्ला, पँट बरीचशी खाल्ली, पण बायकांचे ड्रेस मटेरियल त्याला खाता आले नाही. गळ्यावर काम केलेला कुर्त्याचा कपडा, सलवारीचा कपडा, ओढणी, अशी तीन कापडांची पिशवी. हेही किटच की! ते का टिकले? दोन कारणे. एक, प्रत्येकीचे माप वेगळे आणि तयार मापात ते बसत नाही. दोन, प्रत्येक मोहल्ल्यात शिवणारी बाई आहे. ही दोन्ही असतील तिथे सुटा माल चालतो. एक जरी नसेल तरी चालत नाही. इंजिनालाही हाच काटा लावून पाहावा.

मापाचे आधी पाहू, कारण या बाबतीत आपल्या देशाची गोष्ट वेगळीच आहे. जगात ज्याला स्टँडर्ड गेज म्हणतात तो रूळ आतून आत १४३५ मिलिमीटर रुंद. मॉडेलच्या दुनियेत सर्वांत चालणारे माप एच.ओ., म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाचे. १४३५ भागिले ८७ केले की साडेसोळा मिलिमीटर येतात, आणि एच.ओ.चे रूळ तेवढेच रुंद असतात. हिशेब बरोबर. पण आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. त्याला ८७ ने भागले की सव्वाएकोणीसच्या थोडे वर येते. म्हणजे बाजारातल्या तयार रुळावर, तयार चाकांवर भारतीय इंजिनाचे मॉडेल ठेवले तर ते खालून जवळजवळ तीन मिलिमीटर अरुंद होणार. वरचे अंग रुंद आणि पाय जवळ जवळ, मोठ्या भावाचा शेरवानी-कोट घातलेल्या पोरासारखे. इंग्रजांनी स्वतःच्या घरी हीच चूक करून ठेवली आहे. त्यांचे ओ.ओ. माप सुमारे शहात्तराव्या हिश्शाचे, पण रूळ तेच साडेसोळाचे. खरे पाहता तिथे १८.८३ मिलिमीटर हवेत. त्यामुळे त्यांच्यातले काटेकोर लोक आजही तयार इंजिन घेत नाहीत, किंवा घेऊन त्याची चाके काढून टाकतात आणि बरोबर मापाचा सांगाडा स्वतः जुळवतात. विलायतेत किटाचा जो थोडा धंदा आज जिवंत आहे तो बऱ्याच अंशी या दोन-तीन मिलिमीटरांवर जगतो.

शिवाय मोठ्या विदेशी कंपन्यांच्या यादीत आपली इंजिने क्वचितच असतात. जर्मन, इंग्रज, अमेरिकन, जपानी सगळे मिळेल. पण ज्या डिझेल इंजिनाने चाळीस वर्षे आपल्या देशाच्या गाड्या ओढल्या ते डब्ल्यू.डी.एम.-२ पाहिजे असेल तर अमेरिकन जातीचे एखादे जवळपासचे मॉडेल घेऊन त्याच्यावर करवत आणि रंग चालवावा लागतो किंवा मुळापासून जुळवावे लागते. देशी कंपन्यांनी प्लॅस्टिकच्या भारतीय गाड्या आणल्या आहेत. मुलांसाठी त्या ठीक आहेत. हौशी माणसाचे त्यांच्यावर समाधान होत नाही. तेव्हा माप न बसणारा गिऱ्हाईक आपल्या देशात आहे, आणि मालवण-तारकर्लीला येणाऱ्या गर्दीत तो कमी असला तरी पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर मिळून लहानसा बाजार होतो. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांच्या हौसेतून उभे राहिलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ सालापासून लोकांसाठी खुले आहे. कधी पुण्याला माल भरायला गेलात तर एक तास काढून पाहून या. एका माणसाचे घरचे वेड किती लोकांना तिकीट काढायला लावते ते कळेल.

आता खऱ्या इंजिनाची एक हकीकत सांगतो, कारण किट आणि तयार या वादाचा सर्वांत मोठा सौदा आपल्या रेल्वेनेच केलेला आहे. हे डब्ल्यू.डी.एम.-२ मूळचे अमेरिकेच्या अल्को कंपनीचे, २६०० अश्वशक्तीचे. १९६२ पासून पहिली इंजिने तिकडून तयार होऊन आली. पण करार करणाऱ्यांनी तेवढ्यावर भागवले नाही. वाराणसीला कारखाना घातला आणि पहिली बारा इंजिने तिथे अमेरिकेहून आलेल्या सुट्या भागांतून जुळवली. पहिले इंजिन जानेवारी १९६४ मध्ये बाहेर पडले. जुळवणारे आपले फिटर, आपले वेल्डर. बारा जुळवली तेव्हा कुठला भाग कशासाठी आहे हे कळले. मग एकेक भाग येथेच बनू लागला. १९६९ साली खुद्द अल्को कंपनी बंद पडली. आपण फक्त तयार इंजिने घेत राहिलो असतो तर त्या दिवशी सुट्या भागांसाठी दारोदार फिरावे लागले असते. झाले उलटे. ज्याने माल विकला तो बुडाला आणि ज्याने जुळवायला शिकून घेतले तो कारखाना तेच इंजिन १९९८ पर्यंत बनवत राहिला. अडीच हजारांहून जास्त इंजिने झाली. त्याच घराण्याची सुधारलेली इंजिने त्यानंतरही निघाली.

१९९० च्या दशकात विजेच्या इंजिनांच्या बाबतीत हाच धडा पुन्हा गिरवला गेला. ए.बी.बी. कंपनीकडून डब्ल्यू.ए.जी.-९ जातीची बावीस मालगाडीची इंजिने घेतली. त्यातली सहा तयार आणि सोळा सुट्या भागांत. जुळवणी चित्तरंजनला. नोव्हेंबर १९९८ मध्ये चित्तरंजनने स्वतःचे पहिले इंजिन काढले. आज कुडाळ किंवा कणकवली स्थानकावर एखादी लांब पल्ल्याची गाडी घेऊन जे डब्ल्यू.ए.पी.-७ येते ते त्याच घराण्यातले. कोकण रेल्वेचे विद्युतीकरण २०२२ साली पुरे झाले, त्यापूर्वी याच मार्गावर अल्कोच्या वंशाची डिझेल इंजिने आपण पाहिली आहेत. सहा तयार आणि सोळा सुटी, हा आकडा धंद्यात पडणाऱ्या प्रत्येक तरुणाने ध्यानात ठेवावा. तयार मालाशिवाय पहिल्या दिवशी काम चालत नाही. सगळाच तयार घेतला तर हुन्नर दुसऱ्याच्याच घरी राहतो.

तयार मालाचा पुरवठा कसा दगा देतो त्याचेही उदाहरण आहे. हॉर्नबीचा माल बराचसा चीनमधल्या एकाच पुरवठादाराकडे बनत होता. तो पुरवठादार २००८ च्या सुमारास ज्या मालकांच्या हाती गेला त्यांच्याच घरचा बाखमन हा हॉर्नबीचा प्रतिस्पर्धी. २०१२ साली पुरवठा विस्कळीत झाला आणि एवढी जुनी कंपनी तोट्यात गेली. त्यांच्या दुकानदारांनी रिकाम्या फळ्या पाहिल्या. आपण मालवणात बसून कुणाच्या तरी मार्फत दहा पेट्या मागवणार, आपले कोण ऐकणार?

पण किटाचा धंदा म्हणजे सोन्याची खाण असेही कुणी समजू नये. विलायतेत रोझबड नावाची बाहुल्या बनवणारी कंपनी होती. तिने १९५९ साली किटमास्टर या नावाने प्लॅस्टिकच्या इंजिनांची किटे काढली. माल चांगला, नाव झाले, पण साचे महाग आणि पैसा अडकला. १९६२ संपता संपता ते साचे एअरफिक्सला विकावे लागले. पुढे ते डेपोल कंपनीकडे गेले आणि त्यातली काही किटे कित्येक दशकांनंतरही विकली जात राहिली. साचा टिकला, साचा घालणारा टिकला नाही. हे वाचून मला भिवंडीचे काही लूमवाले आठवतात. असो.

आता आपल्या कायद्याचे. जुन्या पठडीतले लोक सांगतात की तयार मालाला जास्त जकात आणि सुट्या भागांना कमी, म्हणून किट मागवा. मोटारगाड्यांच्या बाबतीत असे फरक आहेत. खेळण्यांच्या बाबतीत हा भ्रम ठेवू नये. जकातीच्या ९५०३ या शीर्षकात खेळणी आणि लहान मापाची मॉडेल्स, चालणारी असोत वा नसोत, एकत्र येतात. आणि जकातीचा सर्वसाधारण नियम असा की न जुळवलेला पण पुरा असलेला जिन्नस हा तयार जिन्नसच धरला जातो. खेळण्यांवरची जकात २०२० साली २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ साली ७० टक्के. म्हणजे पेटीत इंजिन असो की इंजिनाचे तुकडे, दांडगा बोजा दोघांवर. दुसरे, १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आय.एस.आय. शिक्का सक्तीचा आहे. ही सक्ती बनवणाऱ्यावर आहे तशीच विकणाऱ्यावर आणि साठवणाऱ्यावरही आहे. मुंबईच्या घाऊक बाजारातून बिनशिक्क्याचा माल पोत्यात भरून आणला आणि तपासणी आली तर मी कुठून आणला ते सांगतो, असे म्हणून सुटका होत नाही.

याच कायद्यात आपल्या कारागिरांसाठी एक खिडकी ठेवलेली आहे आणि ती पुष्कळांना ठाऊकच नाही. हस्तकला विकास आयुक्तांच्या कार्यालयाकडे ज्याची कारागीर म्हणून नोंदणी आहे त्याने स्वतः बनवून विकलेल्या खेळण्याला या शिक्क्याच्या सक्तीतून सूट आहे. त्यासाठी कारागिराचे पहचान कार्ड काढावे लागते. सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडी खेळण्यांचा हुन्नर पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. तिथली फळे, भाज्या, चूल-बोळकी पर्यटक हौसेने नेतात. आपल्या जिल्ह्यात सुतार आहेत, लेथवर लाकूड फिरवणारे कातारी आहेत. आठ-दहा तुकड्यांचे लाकडी इंजिन, भोके पाडून तयार, खुंट्या ठोकल्या की उभे राहणारे, रंग गिऱ्हाइकाने घरी द्यायचा, असे किट आपल्याच गावात बनू शकते. त्याला मोटर नको, झाळ नको, चीन नको. दहा वर्षांचे पोर बापाबरोबर बसून एका संध्याकाळी ते पुरे करील आणि पुरे झालेले किट हीच दुकानाची जाहिरात. फक्त भोक आणि खुंटी यांचे माप पक्के पाहिजे. सैल खुंटीचे इंजिन तारकर्लीहून कोल्हापूरला पोचेपर्यंत परत तुकडे होते.

आता दुसरी अट, मोहल्ल्यात शिवणारी बाई. म्हणजे येथे जोडून देणारा हात. तो हात आपल्याकडे आहे आणि रिकामा बसला आहे. घड्याळजीचे दुकान मोबाईलने बसवले. रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारा मिस्त्री आता चार्जरच्या वायरी विकतो. सोनाराकडच्या कारागिराला तयार दागिन्यांनी मार दिला. या तिघांच्या बोटांत जे आहे तेच पितळी इंजिनाला लागते, बारीक झाळ, बारीक कानस, डोळ्याला भिंग आणि सबुरी. माझे मामू जहाजावर होते. १९७८ च्या सुमारास त्यांनी बाहेरून पत्र्याची चावीची आगगाडी आणली होती. महिनाभरात तिची स्प्रिंग तुटली. बाजारातल्या घड्याळजीने जुन्या भिंतीवरच्या घड्याळाची स्प्रिंग कापून त्यात बसवली आणि गाडी पूर्वीपेक्षा जोरात धावू लागली. त्या माणसाने रेल्वेचे मॉडेल त्यापूर्वी कधी पाहिलेही नसावे.

विलायतेत पैसे घेऊन दुसऱ्याचे किट जुळवून देणारे कारागीर आहेत. हौशी माणूस किट विकत घेतो, मोटर घेतो, चाके घेतो, पण डोळे साथ देत नाहीत किंवा वेळ नाही. तो सगळा जामानिमा अशा कारागिराकडे देतो आणि किटाच्या किमतीहून मोठी रक्कम हातमजुरी म्हणून मोजतो. आपल्याकडे शिवणावळ आहे तशी ही जोडणावळ समजा. माझ्या मते धंदा असलाच तर इथे आहे. पेटी विकण्यात मिळून मिळून किती मिळणार? पेटी तर गिऱ्हाईक मोबाईलवर आपल्यापेक्षा स्वस्त मागवतो, आणि उद्या आणखी स्वस्त मागवील. पण जुळवलेले, चाकांचे माप आपल्या ब्रॉडगेजला बसवलेले, आपल्या रेल्वेच्या रंगात रंगवलेले, पाटीवर त्याच्या गावच्या शेडचे नाव घातलेले इंजिन त्याला मोबाईलवर मिळत नाही. तसेच दुरुस्ती. तयार इंजिनांचे काही भाग जस्ताच्या मिश्रधातूचे असतात. त्या धातूत भेसळ राहिली असेल तर काही वर्षांनी त्याला तडे जातात आणि भुगा होतो. प्लॅस्टिकचे दातेरी चाक चिरते. मालकाला ते उघडताही येत नाही. ज्याने चार किटे जुळवली आहेत त्याच्यासाठी ते अर्ध्या दिवसाचे काम.

यावर एक आक्षेप मला बाजारातल्याच एका मित्राने घेतला. तो म्हणाला, भाई, ही काय कमाई आहे? वर्षाला दहा-बारा इंजिने जुळवून कुणाचे घर चालते? त्याचे म्हणणे बरोबर आहे. एकट्या या कामावर घर चालणार नाही आणि चालेल असे मी कुणाला सांगणार नाही. पण ज्याचे घड्याळाचे किंवा रेडिओचे दुकान आधीच उघडे आहे, भाडे आधीच भरले जात आहे, त्याच्या रिकाम्या दुपारींना हे काम आले तर ते वरचे उत्पन्न आहे. दर्जीही एकट्या शेरवानीवर जगत नाही. तो उसवलेल्या पँटा शिवतो आणि लग्नसराईत शेरवानी शिवतो.

म्हणून बचत घेऊन आलेल्या तरुणाला माझा सल्ला असा. दुकान काढायचेच तर अर्ध्याहून कमी भांडवल मालात घालावे. मुलांसाठी आय.एस.आय. शिक्क्याच्या तयार गाड्या थोड्या, रोजच्या विक्रीसाठी. सावंतवाडीच्या किंवा आपल्या सुताराच्या लाकडी किटांचा एक फळा, पहचान कार्ड असलेल्या कारागिराकडून, पावती घेऊन. पितळी किट एकही आपल्या पैशाने भरून ठेवू नये. ते गिऱ्हाइकाने आणावे किंवा त्याच्या पैशाने मागवावे. स्वतः एक मात्र विकत घ्यावे, जुळवायला शिकण्यासाठी. ते विकू नये, काउंटरवर ठेवावे. रूळ, जोडपट्ट्या, चाके, दातेरी चाके, ब्रश, रंग हा बारीक माल मात्र भरपूर ठेवावा. आमच्या धंद्यात नफा सूटिंगपेक्षा अस्तर-बटणात जास्त असतो ही गोष्ट कुणी शाळेत शिकवत नाही.

आणि किट विकले की पेटी गिऱ्हाइकासमोर उघडून भाग मोजून द्यावेत, यादीवर त्याची सही घ्यावी. एक खुंटी कमी निघाली म्हणून माणूस शंभर किलोमीटरवरून परत येत नाही, पण शंभर जणांना सांगतो. जोडणावळ कबूल करताना निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी, तारीख दोन महिन्यांनी पुढची द्यावी, आणि रंगाचा नमुना पत्र्याच्या तुकड्यावर लावून त्याला आधी दाखवावा. रेल्वेचा शौकीन निळ्या रंगाच्या दोन छटांवरून भांडतो. लग्नातल्या वरमायांशी ज्याने कापड विकताना तडजोड केली आहे त्याला ते जड जाणार नाही.